घरी भरलेली काडतुसं: मिनेसोटातल्या एका मराठी कुटुंबाच्या बचतीचा हिशेब

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं, ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या) एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, एक-दोन तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतले आहेत आणि ते त्यांच्या परवानगीने देतो आहे. मी त्यांच्याच क्लबचा सभासद. बारा वर्षं घरी काडतुसं भरतो, आणि या गृहस्थांना भरायला शिकवलं तेही मीच. त्यामुळे पुढे जे बिनसलं त्यात माझाही वाटा आहे.

गृहस्थ मूळचे सिंधुदुर्गातले. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. वानर आणि रानडुक्कर बागेत शिरले की बार काढायचा, निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. नळीत दारू ओतायची, वर काथ्या गजाने ठासायचा, मग छर्रे सोडायचे, हे त्यांनी लहानपणी शेकडो वेळा पाहिलेलं. दारूचं माप म्हणजे वडिलांचा तळहात. ही आठवण या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली.

मिनेसोटात शाळकरी मुलांची ट्रॅप नेमबाजी, म्हणजे यंत्राने हवेत फेकलेली तबकडी बंदुकीने फोडायचा खेळ, जोरात चालते. वसंतात हंगाम असतो, आणि जूनमध्ये राज्यातल्याच अलेक्झांड्रिया गावच्या मैदानावर राज्यभरातली हजारो मुलंमुली जमतात. यांची मुलगी दहावीत असताना शाळेच्या संघात गेली. तिला सरावाला नेता नेता बाबांनाही गोडी लागली. ट्रॅपच्या एका फेरीत २५ तबकड्या, काडतुसांच्या एका डब्यात २५ नग आणि दहा डब्यांचं एक खोकं, म्हणजे २५० बार. दोघं मिळून शनिवारी सकाळी गेले की खोक्याचा निम्मा भाग संपलेला असायचा.

अडचण

२०२० पासून पुढची दोन-तीन वर्षं अमेरिकेत काडतुसांची आणि त्याहून जास्त प्राइमरची, म्हणजे ठोका बसताच पेटून दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीची, टंचाई होती. काडतुसं बनवणारा एक मोठा कारखाना आमच्या शेजारी अनोका गावात आहे, तरी आमच्या दुकानातली फळी रिकामी असायची. माल परत दिसायला लागला तो चढ्या भावाने. २०२३ च्या वसंतात त्यांना बारा बोअरचा साधा डबा साडेदहा डॉलरला पडत होता, म्हणजे नगाला ४२ सेंट.

वहीत त्यांनी वर्षाची गरज मांडली: स्वतःसाठी ३,०००, मुलीसाठी २,०००. पाच हजार काडतुसांचे २,१०० डॉलर. तबकड्यांचे पैसे, क्लबची वर्गणी, पेट्रोल हे वेगळंच. घरात धाकटा चार वर्षांचा, त्याच्या पाळणाघराचा खर्च चालू. वहिनींनी एका रविवारी जेवताना सरळ विचारलं, "हे परवडणार आहे का आपल्याला?" त्यावर गृहस्थ म्हणाले, "आमच्या घरी कुणी तयार काडतूस विकत घेतलं नाही. मी घरी भरीन." दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता बार कमी करण्याचा. मुलीचा हंगाम तसाच ठेवून बाबांनी आठवड्याला चारऐवजी दोन फेऱ्या माराव्यात. हा सगळ्यात स्वस्त, आणि यावर आम्ही पाच मिनिटंही बोललो नाही.

दुसरा, क्लबातल्या दहा-बारा जणांनी मिळून घाऊक खरेदी करण्याचा. तेव्हा पुढाकार घेणारं कुणी नव्हतं.

तिसरा, घरी भरण्याचा. झाडलेल्या काडतुसाची प्लास्टिकची पुंगळी फुकट मिळते, ती आपलीच असते. बाकी चार गोष्टी विकत घ्यायच्या: प्राइमर, दारू, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामध्ये बसणारं प्लास्टिकचं बूच) आणि छर्रे. छर्‍यांची पिशवी २५ पौंडांची, म्हणजे ४०० औंस. एक औंसाच्या काडतुसाला धरलं तर एका पिशवीत ४०० काडतुसं. पिशवी ५२ डॉलरला, म्हणजे नगाला १३ सेंट. प्राइमर हजाराला ७५ डॉलर, साडेसात सेंट. वॅड जवळजवळ अडीच सेंट. मोठा डबा घेतला तर दारू ९ सेंट. सगळं मिळून ३२ सेंट. नगाला १० सेंट वाचणार, पाच हजारांवर वर्षाला ५०० डॉलर.

सुरुवातीचा खर्च असा: एका वेळी एकच काडतूस भरणारं जुनं हातयंत्र १२० डॉलर, तराजू ८५, मापांचं पुस्तक आणि किरकोळ सामान ४०, बाकाचं लाकूड ४०, आणि दारू-प्राइमर कुरिअरने मागवताना लागणारं घातक मालाचं शुल्क ३५. एकूण ३२०. वहीच्या पानाखाली त्यांनी रेघ ओढून लिहिलं होतं: "पहिल्याच वर्षी १८० फायदा."

ते पान मी पाहिलं आणि मान डोलावली. बेरीज बरोबर होती. पण ते पाच हजार बार कुणाच्या बंदुकीतून, कुठे आणि कुणाच्या नियमाखाली उडणार आहेत, हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. नवशिक्याच्या कागदावर हीच जागा कच्ची असते, आणि बारा वर्षांत मी ती कित्येकदा पाहिली होती.

कायद्याची बाजू आधी पाहिली, ते मात्र चांगलं झालं. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा तर लागतो. भारतात असं नाही. तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना हवा, त्यामुळे यातलं काहीही गावी करून पाहण्यासारखं नाही.

दुसरी बाब आपल्या लोकांनी नीट लक्षात घ्यावी. गृहस्थांकडे ग्रीन कार्ड होतं, त्यांना अडचण नव्हती. पण त्यांचा भाचा एच-१बी व्हिसावर होता, शनिवार-रविवार यांच्याकडे असायचा, आणि "मामा, मी मदतीला बसतो" म्हणत होता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक तशीच काडतुसंही जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. काडतुसाच्या व्याख्येत पुंगळी, प्राइमर आणि दारूही येतात. म्हणजे प्राइमरची डबी त्याच्या ताब्यात असणं हासुद्धा प्रश्न होऊ शकतो. त्यांनी वकिलाला विचारलं आणि भाच्याला त्या खोलीपासून पूर्ण लांब ठेवलं. भाचा थोडा हिरमुसला, पण हा निर्णय शंभर टक्के योग्य होता.

काय केलं

मे २०२३ मध्ये तळघरात बाक उभं राहिलं. जागा निवडली ती कपडे धुण्याच्या यंत्राशेजारची, कारण तिथे दिवा चांगला होता. पहिल्याच आठवड्यात वहिनी खाली आल्या, बाकावर बोट फिरवलं आणि ते बोट आम्हा दोघांसमोर धरलं. काळंकरडं झालं होतं. "हे शिसं आहे ना? आणि इथेच धाकट्याच्या कपड्यांच्या घड्या घालते मी."

त्यांचं खरं होतं. छर्रे ओतताना शिशाची बारीक पूड उडते, आणि झाडलेल्या प्राइमरच्या काजळीतही शिसं असतं. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. अमेरिकेतलं रोगनियंत्रण केंद्र २०२१ पासून रक्तातल्या ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या आकड्याला लक्ष द्यायची रेषा मानतं. धाकट्याची तपासणी केली, आकडा त्या रेषेच्या बराच खाली आला. तरी बाक त्याच आठवड्यात गॅरेजमध्ये हलवलं. गॅरेजचे बूट वेगळे, अंगावरचा सदरा वेगळा धुवायचा, झाडू मारायचा नाही तर ओल्या फडक्याने पुसायचं, आणि हात धुतल्याशिवाय घरातल्या दाराच्या मुठीला हात लावायचा नाही. हे नियम वहिनींनी घातले. माझ्या घरी मी इतकी वर्षं इतकं काटेकोर वागलो नव्हतो. आता वागतो.

दारू आणि प्राइमर मूळ डब्यांतच, कुलपात ठेवले. राहत्या घरात किती साठा चालतो हे त्यांनी स्थानिक अग्निशमन विभागाला आधी विचारून घेतलं होतं. सर्वसाधारण अग्निसंहितेत ही मर्यादा वीस पौंड दारू आणि दहा हजार प्राइमर अशी आहे. यांच्याकडे त्याच्या निम्मंही कधी नव्हतं.

भरण्याची रीत सोपी दिसते. दांडा खाली ओढला की जुना प्राइमर निघतो, पुढच्या जागी नवा बसतो. मग पुंगळी यंत्राच्या नळीखाली ठेवून मापाची सरकपट्टी एका बाजूला सरकवायची, दारू पडते. वॅड दाबायचं. पट्टी दुसऱ्या बाजूला, छर्रे पडतात. शेवटच्या दोन जागी पुंगळीचं तोंड पाकळ्यांसारखं मिटतं. आठ-दहा नगांत हात बसतो, आणि त्यानंतर डोळे काम करायचे थांबतात.

इथे ठासणीच्या बंदुकीची आठवण आडवी आली. मी त्यांना सांगितलं होतं की दर पंचवीस नगांमागे एका मापाची दारू तराजूवर टाकून पाहायची. ते म्हणाले, "अहो, बाबा तळहातावर घ्यायचे, कधी वर्षानुवर्षं काही झालं नाही." पण ती काळी दारू. ती आकारमानाने मापून घेतात, थोडं कमीजास्त झालं तरी बरंच खपून जातं. आजच्या काडतुसातली धूररहित दारू जेमतेम ग्रॅमभर असते, आणि ती किती दाब करेल हे पुंगळी, प्राइमर, वॅड आणि छर्‍यांचं वजन या साऱ्यावर ठरतं. बारा बोअरच्या साध्या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. नुसता प्राइमर दुसऱ्या बनावटीचा घातला तरी दाब बदलतो. म्हणून मापांच्या पुस्तकात दिलेली जोडी तशीच्या तशी वापरायची असते. हे मी त्यांना एकदा सांगितलं. तीनदा सांगायला हवं होतं, आणि वडिलांचा अनुभव खोटा नाही, पण तो वेगळ्या दारूचा आहे, हे समजावून द्यायला हवं होतं. ते न करता मी हसून विषय सोडला, कारण त्यांच्या वडिलांबद्दल बोलणं मला अवघड वाटलं.

त्याच सुमारास दुसरा धक्का बसला. शाळेच्या संघाच्या प्रशिक्षकांनी सांगितलं की संघाच्या सरावात आणि सामन्यांत घरी भरलेली काडतुसं चालणार नाहीत, फक्त कारखान्याची. कारण उघड आहे: रांगेत शेजारी दुसऱ्यांची मुलं उभी असतात. मुलीच्या २,००० पैकी १,२०० बार एका फटक्यात हिशेबातून गेले. हे विचारायला एक फोन पुरला असता, आणि तो फोन यंत्र घेण्याआधी करायचा होता.

एप्रिलमधला शनिवार

२०२४ च्या एप्रिलमध्ये बाप-लेक क्लबवर आले होते. संघाचा सराव नव्हता, घरगुती फेरी होती, त्यामुळे घरचीच काडतुसं. मी दोन जागा सोडून उभा होतो. मुलीने तिसऱ्या जागेवरून "पुल" म्हटलं, तबकडी उडाली, आणि नेहमीच्या आवाजाऐवजी एक दबका "फुस्स" आला. काही छर्रे तिच्या पुढ्यातच गवतावर सांडले.

ती थांबली. बंदुकीचं तोंड मैदानाकडेच ठेवून मोठ्याने म्हणाली, "बाबा, आवाज वेगळा आला." बाबा मागून म्हणाले, "असू दे, कच्चं असेल, पुढचं लाव." तिने लावलं नाही. हात वर केला. फेरी थांबली. काही क्षण गेल्यावर तिने बंदूक बिजागरीतून उघडली, काडतूस काढलं, आणि मी दोन्ही नळ्या आभाळाकडे धरल्या. वरच्या नळीत उजेडाचं स्वच्छ गोल कडं. खालच्या नळीत अंधार.

वॅड नळीत मधोमध अडकलं होतं. त्यामागे दुसरं काडतूस झाडलं असतं तर नळी फुगली असती किंवा फाटली असती, आणि तिचा डावा हात तिथेच होता.

"पुढचं लाव" हे शब्द ते आजही विसरलेले नाहीत. मला वाटतं तो निष्काळजीपणा नव्हता. तयार काडतूस क्वचित असं निघतं, आणि तेव्हाही नळी पाहायचीच असते. पण घरचं काडतूस "थोडं कच्चं" असणारच, अशी सवय त्यांच्या मनाला लागली होती. मुलीला ती लागली नव्हती, कारण तिला शाळेच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं होतं: आवाज वेगळा आला की थांबायचं, उघडायचं, नळीतून पाहायचं.

कारण शोधायला वही उपयोगी पडली. दर डब्यावर त्यांनी तारीख लिहिली होती. तो डबा एका मंगळवारी रात्री भरलेला. त्या रात्री गावाहून आईचा फोन आला होता. इथे रात्र म्हणजे तिकडे सकाळ, आईची तीच वेळ. खांद्यात फोन धरून त्यांनी काम चालू ठेवलं. कुठेतरी पट्टी सरकवायची राहिली आणि दारूविना वॅड आत गेलं.

त्या रात्रीचे तीन डबे होते, ७५ नग. आधी त्यांनी भरलेली काडतुसं तराजूवर ठेवून हलकं कुठलं ते शोधायचा प्रयत्न केला. ते जमत नाही. एक औंस छर्रे म्हणजे २८ ग्रॅम, त्यात नगागणिक होणारा फरक आणि पुंगळ्यांचा फरक यात दारूचा ग्रॅमभर हरवून जातो. शेवटी आम्ही दोघांनी गॅरेजमध्ये बसून उरलेली एकेक कापून उघडली. आणखी एक तसंच निघालं. बाकी सगळी ठीक होती. त्या एका कोरड्या पुंगळीकडे गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले.

निष्पत्ती

बंदूक कारागिराकडे दाखवली, वॅड काढून तपासणीचे ६० डॉलर लागले. नळी शाबूत होती. त्याच दिवशी ठरलं की मुलीच्या बंदुकीत घरचं काडतूस यापुढे कधी जाणार नाही. हे वहिनींनी सांगावं लागलं नाही, बाबांनीच सांगितलं.

स्वतःसाठी त्यांनी सहा आठवड्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण रीत बदलून. फोन घरात. एका बैठकीत दोनच डबे. पंचवीस पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या खळग्यांत ओळीने उभ्या करून दारू टाकायची, मग विजेरीने प्रत्येकीत डोकावून पातळी पाहायची, आणि त्यानंतरच वॅड. काम निम्म्या वेगाने व्हायला लागलं.

जुलै २०२४ मध्ये, चौदा महिन्यांनी, त्यांनी वही बंद केली. भरलेली काडतुसं २,६००, वाया गेलेल्या तीन डब्यांचे ७५ वजा, कामी आलेली २,५२५. सामानाचा खर्च ८३२ डॉलर. तेवढी विकत घेतली असती तर १,०६० लागले असते. वाचले २२८. त्यातून सुरुवातीचे ३२० आणि कारागिराचे ६० वजा. मग यंत्र आणि तराजू क्लबातल्याच एका अनुभवी सभासदाला १५० ला दिले. हिशेब जवळजवळ शून्यावर येऊन थांबला. यात ४१ तास गेले, ते वहीत वेगळे लिहिले आहेत.

थांबण्याचं तात्कालिक कारण मात्र घाऊक खरेदी. त्या उन्हाळ्यात आम्ही बाराजण एकत्र आलो आणि खोकं ८८ डॉलरला मिळालं, म्हणजे नगाला ३५ सेंट. घरी भरून ३२. तीन सेंटांसाठी रात्री जागण्यात अर्थ नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

बारा बोअरचं साधं काडतूस घरी भरून पैसे वाचवायचे हा बेतच आता कमकुवत झाला आहे. खर्चातला सगळ्यात मोठा वाटा छर्‍यांचा, आणि शिसं कारखान्याला आपल्यापेक्षा स्वस्त पडतं. मी स्वतः भरतो ते २८ बोअरचं, म्हणजे आणखी बारीक नळीच्या बंदुकीचं, स्कीट या तबकड्यांच्याच दुसऱ्या खेळासाठी. त्यात छर्रे पाऊण औंस, म्हणजे पिशवीत ५३३ नग, आणि दुकानात तोच डबा मला सतरा डॉलरला पडतो. तिथे नगाला चाळीस सेंटांच्या आसपास सुटतात. गृहस्थांना सुरुवातीलाच हे दाखवायला हवं होतं, आणि लगोलग हेही की त्यासाठी नवी बंदूक घेतली तर वाचलेलं सगळं त्यात जातं. ज्याच्याकडे २८ बोअर आधीपासून आहे त्याचंच ते गणित.

वहीचं पहिलं पान मी आज वेगळं मांडायला लावीन. वर्षाला किती काडतुसं लागतात याच्या आधी, कुठल्या मैदानावर आणि कुठल्या संघात घरची चालतात ते विचारायचं. मग उरलेल्या आकड्याने सुरुवातीच्या खर्चाला भागायचं. यांच्या बाबतीत ५,००० चे ३,८०० तिथेच झाले असते, मुलीचं नाव पूर्ण वगळलं असतं तर ३,०००. सुरुवातीचा खर्चच ३,२०० नगांत वसूल होणार होता.

आणि शिकवणारा म्हणून माझं एक: पहिले दहा डबे शेजारी बसून भरून घेईन. मी तीन डब्यांनंतर उठलो होतो.

मुलगी आता कॉलेजात आहे, तिथल्या संघात ट्रॅप खेळते. बाबा आठवड्याला दोनच फेऱ्या मारतात, म्हणजे पहिल्या पर्यायावर ते आपसूक आले. त्यांच्या गॅरेजमध्ये बारा बोअरच्या पुसून, निवडून ठेवलेल्या पुंगळ्यांची दोन पोती अजून आहेत, साधारण अठराशे. परवा क्लबात आलेल्या एका नव्या मुलाने त्या मागितल्या. गृहस्थांनी त्याला बाजूला बसवलं आणि विचारलं, "तुझ्याशिवाय त्या कुणाच्या बंदुकीत जाणार आहेत?"